विद्यापीठांची नवी घडी : कर्ता कोण?

इ.स. २०२० च्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें जें राष्ट्रीय शिक्षण धोरण मान्य केलें, त्यावर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांतील बराचसा भाग एक तर स्तुतिपाठकांचा, नाहीं तर आधींच विरोध करावयाचें ठरवून बसलेल्यांचा आहे. एखाद्या ग्रंथाचें परीक्षण करावें त्याप्रमाणें तो लेख समोर ठेवून त्यांतील शब्द, त्या शब्दांमागील कल्पना व त्या कल्पनांची परस्परांशीं संगति तपासून पाहण्याचें काम मागेंच राहिलें. महाराष्ट्रांतील संलग्न महाविद्यालयांत या धोरणाचा अंमल २०२४-२५ या वर्षापासून सुरू झाला. तेव्हां हा प्रश्न आतां केवळ तात्त्विक राहिलेला नाहीं, तो आमच्या वर्गांत येऊन बसला आहे. म्हणून या धोरणाचा उच्च शिक्षणाविषयींचा जो भाग आहे, त्याचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या भागांत मुख्य कल्पना दोन आहेत. पहिली अशी कीं, विद्यार्थी हा ऐकणारा न राहतां करणारा झाला पाहिजे. त्यानें प्रश्न विचारावे, चर्चा करावी, प्रयोग करावे, आणि पाठांतराऐवजीं विचार करण्याची संवय त्यास लागावी. दुसरी अशी कीं, पदवी घेऊन बाहेर पडणारा विद्यार्थी कांहीं तरी काम करण्यास लायक असला पाहिजे. त्यास हल्लीं ‘रोजगारक्षमता’ असा एक भारदस्त शब्द रूढ झाला आहे. या दोन कल्पना सर्वत्र जोडीनेंच वावरतात, आणि त्यामुळें त्या एकाच नाण्याच्या दोन बाजू असाव्या असा वाचकाचा समज होतो. आमचें म्हणणें असें आहे कीं, या दोन कल्पना भिन्न आहेत. पहिली सर्वस्वीं खरी आहे, दुसरी अर्धी खरी आहे. आणि दोहोंनाही आडवी येणारी जी तिसरी गोष्ट, तिला हात घालण्याचें काम आपण सर्वांत शेवटीं ठेविलें आहे.

ती तिसरी गोष्ट कोणती हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजीं झाली. त्याच वर्षीं कलकत्ता व मद्रास येथेंही विद्यापीठें निघालीं. तिघांचाही नमुना लंडन विद्यापीठाचा होता. शिकविण्याचें काम महाविद्यालयांनीं करावें, विद्यापीठानें परीक्षा घ्यावी व पदवी द्यावी, अशी ही वांटणी होती. जो शिकवितो तो पारखीत नाहीं आणि जो पारखतो तो शिकवीत नाहीं, अशी व्यवस्था एकदां ठरल्यावर वर्गांत काय घडावें हें वर्गाबाहेर ठरूं लागलें. इ.स. १८६२ मध्यें या विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. या नांवांकडे बोट दाखवून जुन्या पद्धतीची थोरवी गाणारे लोक आजही भेटतात. परंतु अलौकिक बुद्धीचीं माणसें कोणत्याही पद्धतींतून वर येतात. पद्धतीची पारख करावयाची ती सामान्य विद्यार्थ्यावरून केली पाहिजे.

ती पारख महात्मा फुले यांनीं इ.स. १८८२ मध्येंच केली होती. हंटर आयोगापुढें सादर केलेल्या निवेदनांत त्यांनीं असा आक्षेप घेतला कीं, शाळांतील शिक्षण मॅट्रिकच्या परीक्षेच्या पायीं बळी दिलें जात आहे, त्यांतून कारकून व पंतोजी निपजतात, आणि स्वतंत्रपणें जगण्यास उपयोगी पडेल असा व्यावहारिक अंश त्यांत नाहीं. आजच्या धोरणांतील दोन्ही कल्पना या आक्षेपांत बीजरूपानें आहेत हें वाचकांच्या ध्यानांत येईल. पुढें इ.स. १९०४ च्या कायद्यानें विद्यापीठांस अध्यापनाचा अधिकार मिळाला. स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगानें १९४९ च्या आपल्या अहवालांत तर असें स्पष्ट सुचविलें कीं, विद्यापीठीय शिक्षणांत एकच सुधारणा करावयाची झाली तर ती परीक्षांची करावी. म्हणजे रोग जुना आहे, निदानही जुनें आहे. औषध मात्र दर पिढींत नव्या बाटलींतून येतें.

आतां पहिल्या कल्पनेकडे वळूं. विद्यार्थी करणारा झाला पाहिजे, या म्हणण्यास आज केवळ तत्त्वज्ञांचाच नव्हे तर मोजमापाचाही आधार आहे. अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या अध्यापनासंबंधीं झालेल्या २२५ अभ्यासांची छाननी करून इ.स. २०१४ मध्यें असें दाखविलें कीं, निव्वळ व्याख्यानें ऐकणाऱ्या वर्गांत नापासांचें प्रमाण शेंकडा सुमारें ३४ पडतें, आणि विद्यार्थ्यांकडून वर्गांतच काम करवून घेतल्यास तें शेंकडा सुमारें २२ वर येतें. याहूनही मनोरंजक निष्कर्ष २०१९ मध्यें हार्वर्ड विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाच्या वर्गांतून निघाला. स्वतः खटपट करून शिकलेल्या विद्यार्थ्यांस अधिक आलें होतें; पण आपणांस अधिक आलें असें त्यांस वाटत मात्र नव्हतें! उलट, ओघवतें व्याख्यान ऐकून बसलेल्यांस आपण फार शिकलों असें वाटत होतें. वक्तृत्वासाठीं नांवाजलेल्या प्राध्यापकांनीं हा निष्कर्ष वाचून थोडें अंतर्मुख व्हावें. आमचा धंदा तोच असल्यामुळें हें सांगण्याचा आम्हांस अधिकार आहे असें आम्ही समजतों. व्याख्यान सुरेख झालें म्हणजे शिकविणाऱ्यास समाधान, ऐकणाऱ्यास समाधान, आणि उत्तरपत्रिका हातीं आली म्हणजे दोघांसही आश्चर्य, हा अनुभव कोणास नाहीं?

ही कल्पना परकी आहे असें म्हणणाऱ्यांनीं आपल्या शास्त्रपाठशाळांची आठवण करावी. पूर्वपक्ष पुरतेपणीं मांडल्याशिवाय उत्तरपक्ष करावयाचा नाहीं, हा तेथील दंडक होता. शिष्यास प्रतिपक्षाची बाजू घेऊन बोलावें लागे. अर्थात् त्या पाठशाळांचें दार समाजांतील बहुसंख्य लोकांस बंद होतें, ही गोष्ट विसरून त्यांचा गौरव करणें अप्रामाणिकपणाचें होईल. वादानें शिकण्याची ती रीत मूठभरांची मिरास होती. ती सर्वांची करणें हेंच आजचें काम आहे.

परंतु वर्गांत विद्यार्थी बोलत कां नाहीं? ‘हल्लींच्या मुलांस जिज्ञासाच नाहीं’ असें म्हणून मोकळें होणारे पुष्कळ आहेत. आमचा अनुभव निराळा आहे. विद्यार्थी मुका नसतो; ज्या भाषेंत त्यास विचारलें जातें त्या भाषेंत तो मुका असतो. बसच्या थांब्यावर पीकविम्याच्या नियमांतील विसंगति नेमकी दाखविणारा मुलगा अर्थशास्त्राच्या तासाला इंग्रजीतील साध्या प्रश्नास मान खालीं घालतो. मातृभाषेंतून व दोन्ही भाषांतून उच्च शिक्षण देण्याचा पुरस्कार या धोरणांत केला आहे, तो या दृष्टीनें सर्वथैव योग्य आहे. परंतु त्यासाठीं विषयाविषयावर वाचनीय मराठी ग्रंथ हवेत, आणि ते परीक्षेच्या आदल्या महिन्यांत निघणाऱ्या मार्गदर्शिकांनीं भरून निघणार नाहींत.

दुसरी अडचण गणिताची आहे. कलाशाखेच्या एका वर्गांत १२० विद्यार्थी आहेत असें धरूं. प्रत्येकाकडून एक पान लिहून घेतलें व तें वाचून चार शब्द समासांत लिहिण्यास पांच मिनिटें लागलीं, तर ६०० मिनिटें, म्हणजे दहा तास झाले. असे तीन वर्ग ज्याच्याकडे आहेत, त्यानें पंधरवड्यांतून एकदांच एकेक पान लिहून घेतलें, तरी आठवड्यास पंधरा तास केवळ वाचण्यांत जातील. सहायक प्राध्यापकानें आठवड्यास १६ तास प्रत्यक्ष शिकवावें असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा दंडक आहे. म्हणजे शिकविण्याइतकेंच हें दुसरें काम झालें. आणि आज अनेक महाविद्यालयांत शिकविण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरील तरुण अध्यापकांवर आहे. त्यांस पैसे मिळतात ते वर्गांत उभें राहिल्याच्या तासाचे. विद्यार्थ्याचें पान वाचण्याच्या तासाची नोंद कोणत्याही देयकांत नसते. ज्या कामास मोल नाहीं तें काम धोरणाचा प्राण आहे, असें म्हणण्यांत काय अर्थ?

दुसरी कल्पना रोजगारक्षमतेची. प्रथम या शब्दाचीच फोड करूं. रोजगार देणारा कोणी तरी दुसरा असतो. पण ‘क्षमता’ हा शब्द लावतांच साऱ्या प्रश्नाचा भार विद्यार्थ्याच्या शिरीं जातो. नोकरी मिळाली नाहीं, तर नोकऱ्या थोड्या आहेत असें नव्हे, तुझ्या अंगीं क्षमता नाहीं, असा त्याचा अर्थ होतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व मानव विकास संस्था यांनीं इ.स. २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, २०२२ सालीं या देशांतील तरुणांपैकीं निरक्षरांत बेकारीचें प्रमाण शेंकडा ३.४ होतें, तर पदवीधरांत तें शेंकडा २९.१ होतें. या आंकड्यांवरून ‘पाहा, विद्यापीठें निकामी माणसें तयार करितात’ असा निष्कर्ष काढणें सोपें आहे. पण तो तर्काला धरून नाहीं. निरक्षर तरुणास रिकामें बसणें परवडत नाहीं. मिळेल त्या मजुरीवर तो जातो व त्याची गणना काम असणारांत होते. पदवीधराच्या घरच्यांनीं जमीन गहाण टाकून किंवा दागिने मोडून त्यास शिकविलें असतें. तो शिक्षणास साजेल अशा कामाची वाट पाहतो, आणि तशीं कामें पुरेशीं नसतात. म्हणजे या आंकड्यांत विद्यापीठांचा दोष कांहीं अंशीं असेलही. पण देशाच्या अर्थव्यवस्थेचा दोष त्यांत मिसळलेला आहे, आणि तो नवा अभ्यासक्रम नेमून जाणार नाहीं.

दुसरें असें कीं, आपलें विद्यापीठीय शिक्षण नोकरीपासून तुटलेलें होतें ही समजूतच मुळांत चुकीची आहे. तें नोकरीला अतिशय घट्ट बांधलेलें होतें. फक्त ती नोकरी एकच, सरकारी कचेरींतील, होती. ती पुरेनाशी झाली तेव्हां शिक्षण निरुपयोगी दिसूं लागलें. यावरून शिकण्याजोगा धडा उलट आहे : एका विशिष्ट कामासाठीं बेतलेलें शिक्षण त्या कामाबरोबरच म्हातारें होतें. एके काळीं तालुक्याच्या गांवोगांवीं टंकलेखनाचे वर्ग भरत. संगणक आला आणि तीं यंत्रें अडगळींत गेलीं. परंतु ज्यास टंकलिखित मजकुराचा अर्थ कळत होता, त्यांतील चूक दिसत होती, तो नव्या यंत्रापुढेंही टिकला. मालक लोक तक्रार करितात कीं, पदवीधरास एक पत्र धड लिहितां येत नाहीं, हिशेबाचा ताळा करितां येत नाहीं, न समजलेली गोष्ट विचारतां येत नाहीं. ही तक्रार खरी आहे. पण वाचणें, लिहिणें, ताळा पाहणें व विचारणें या गोष्टी म्हणजे पहिल्या कल्पनेचेंच फळ होय. रोजगारक्षमतेंत जेवढें सत्य आहे तेवढें क्रियाशील अध्ययनांत आधींच सामावलेलें आहे. त्यासाठीं निराळें दुकान मांडण्याची गरज नाहीं.

तें दुकान मांडल्यामुळें काय होतें तें पाहावें. श्रेयांकांच्या नव्या योजनेंत एका श्रेयांकास १५ तासांचें अध्यापन धरलें आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास मुख्य विषय, इतर शाखेंतील वैकल्पिक विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्यविषय असे अनेक लहान लहान अभ्यासक्रम एकाच सत्रांत घ्यावे लागतात, आणि त्यांतील कित्येक दोनच श्रेयांकांचे, म्हणजे ३० तासांचे असतात. ३० तासांत ओळख, अंतर्गत चाचणी व प्रकल्पाची वही एवढें उरकतां उरकतां सत्र संपतें. प्रश्न सुचण्यास वेळ लागतो. चूक करून ती सुधारण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. पहिली कल्पना थोडें पण खोल मागते, दुसरी पुष्कळ पण उथळ मागते. आणि एकाच वेळापत्रकांत दोघींस नांदविण्याचा प्रयत्न केला कीं, ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही म्हण खरी होते. प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठीं जी योजना आहे तिचीही तीच गति. मोठ्या शहरांत कारखाने, पेढ्या, कचेऱ्या आहेत. तालुक्याच्या गांवीं कलाशाखेचे दोन-तीनशें विद्यार्थी जावेत तरी कोठें? छायाप्रतींच्या दुकानांतून शिक्का मारून आणलेलीं अनुभवाचीं प्रमाणपत्रें आमच्या पाहण्यांत आलीं आहेत. विद्यार्थ्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं; जें मागितलें तें त्यानें आणून दिलें.

श्रम आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचा याहून थोर प्रयत्न या महाराष्ट्रांत होऊन गेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं इ.स. १९१९ मध्यें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९४७ मध्यें साताऱ्यास महाविद्यालय काढलें. ‘कमवा आणि शिका’ या त्यांच्या योजनेंत विद्यार्थी शेतावर व बांधकामावर राबत. पण तो गवंडी व्हावा हा त्यांत हेतु नव्हता. गरिबाच्या मुलाला पैशाअभावीं पदवी नाकारली जाऊं नये आणि शिकलेल्यास श्रमाची लाज वाटूं नये, हा होता. १९३७ मध्यें वर्धा येथें गांधीजींनीं मांडलेल्या नई तालीमेंतही हस्तव्यवसाय हें शिक्षणाचें माध्यम होतें. चरख्यावरून गणित, भूगोल व इतिहास शिकावयाचा होता. दोन्ही ठिकाणीं काम माणसासाठीं होतें. आज माणूस कामासाठीं घडविण्याची भाषा चालली आहे. हा फरक लहान नाहीं.

आणि यांत ज्याचें भवितव्य पणास लागलें आहे तो विद्यार्थी कोण, हेंही पाहिलें पाहिजे. उच्च शिक्षण घेणारांचें प्रमाण २०१८ सालीं शेंकडा २६.३ होतें, तें व्यवसायशिक्षण धरून २०३५ पर्यंत शेंकडा ५० वर न्यावें असा धोरणाचा संकल्प आहे. २०२१-२२ च्या पाहणींत तें शेंकडा २८.४ भरलें. यापुढें जे नवे विद्यार्थी येतील ते बहुतांशीं घराण्यांतील पहिलेच महाविद्यालयांत येणारे असतील. त्यांच्या वाट्यास काय येणार? धनिकांच्या खासगी विद्यापीठांत वीस जणांच्या वर्गांत चर्चा चालेल, तेथें प्रश्न विचारणें शिकविलें जाईल. आणि शेतमजुराच्या मुलीस मात्र दोन श्रेयांकांचें ‘कौशल्य’ मिळेल, वर एक वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची मुभाही मिळेल. परत येण्याची सोय आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. अर्धवट राहिलेलें शिक्षण अगदींच वायां जाऊं नये हा हेतुही चांगला आहे. परंतु घरच्या अडचणीमुळें जी बाहेर पडली, ती अडचण संपल्याशिवाय कशी परत येणार? जुन्या काळीं विद्येचें दार बंद होतें. आतां दार उघडून आंत दोन पंक्ती मांडल्या जाऊं नयेत, एवढीच आमची चिंता आहे.

येथें धोरणाच्या भाषेविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांतील वाक्यें बहुधा भविष्यकाळीं व कर्मणि प्रयोगांत आहेत : अमुक केलें जाईल, तमुक दिलें जाईल. कर्ता सांपडत नाहीं. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा ६ खर्च व्हावा, ही कोठारी आयोगानें १९६६ मध्यें केलेली शिफारस याही धोरणांत पुन्हां आली आहे. ती इतक्या वर्षांत कोणी पुरी केली नाहीं, कारण ती कोणी करावयाची तें वाक्यांत नव्हतें. विद्यार्थी कर्ता व्हावा असें सांगणाऱ्या लेखांतच कर्त्याचा असा लोप व्हावा, हें विलक्षण आहे. न्यायाच्या दृष्टीनें हेंही नमूद करितों कीं, संलग्नतेची पद्धत १५ वर्षांत टप्प्याटप्प्यानें मोडून महाविद्यालयांस स्वायत्तता द्यावी, व शेवटच्या एका परीक्षेऐवजीं सतत मूल्यमापन करावें, असें त्यांत स्वच्छ म्हटलें आहे. १८५७ ची गांठ त्यांना दिसली आहे. परंतु गांठ सोडविण्याआधींच दोरी नव्यानें विणण्यास सुरुवात झाली. अभ्यासक्रम, श्रेयांक व नांवें पहिल्या वर्षीं बदललीं. प्रश्नपत्रिका अजून पुष्कळ ठिकाणीं पूर्वीच्याच घडणीची येते. आणि विद्यार्थी शहाणा असतो. तो धोरण वाचीत नाहीं, जुन्या प्रश्नपत्रिका वाचतो.

मग करावें काय? आमच्या अल्प मतीप्रमाणें क्रम उलटा करावा. प्रथम, जो शिकवितो त्यालाच पारखण्याचा अधिकार द्यावा व त्या पारखण्याची तपासणी बाहेरच्यांनीं करावी. आज अंतर्गत गुणांची जी खैरात चालते तिला आळा बसण्यास हाच मार्ग आहे. दुसरें, विद्यार्थ्याचें लिखाण वाचण्याचे तास हे अध्यापनाचे तास समजून त्यांचें मोल द्यावें. रिक्त जागा भरल्याशिवाय हें होणार नाहीं, आणि त्यावांचून पहिली कल्पना कागदावरच राहील. तिसरें, प्रत्यक्ष कामाचा अनुभव शिक्का देणाऱ्या दुकानांत न शोधतां आपल्या परिसरांत शोधावा. एकच उदाहरण देतों. आमच्या इकडे जमिनीचे व घराण्यांचे असंख्य जुने कागद मोडी लिपींत पडून आहेत. ते वाचणारे थोडे आहेत, आणि वारसाच्या व हद्दीच्या कज्ज्यांत लोक त्यांच्या शोधांत फिरतात. इतिहासाच्या वीस विद्यार्थ्यांस वर्षभर मोडी शिकवून असे कागद लावावयास बसविलें, तर त्यांस पुरावा म्हणजे काय तें कळेल, भाषेचा इतिहास कळेल, शंका घेण्याची संवय लागेल; आणि चार लोक त्या कामाचे पैसेही देतील. अशा ठिकाणीं दोन्ही कल्पना आपोआप एकत्र येतात, कारण तेथें काम खरें असतें व तें विद्यार्थ्यानेंच केलेलें असतें. सहकारी पतपेढीचे ताळेबंद, गांवच्या विहिरींच्या पाण्याच्या नोंदी, बोलींतील शब्दांचा संग्रह, अशीं खरीं कामें प्रत्येक तालुक्यांत पडलेलीं आहेत. त्यांस श्रेयांक द्यावेत. तीस तासांच्या तोंडओळखीला नव्हे.

धोरणांतील पहिली कल्पना स्वीकारणें म्हणजे प्राध्यापकानें कमी बोलणें, विद्यापीठानें कमी हुकूम सोडणें आणि सरकारनें अधिक खर्च करणें होय. यांपैकीं एकही गोष्ट सुखाची नाहीं, म्हणून तिघांचाही कल नांवें बदलण्याकडे असतो. विद्यार्थ्यास कर्ता करावयाचें तर आधीं आपलीं वाक्यें कर्तरि प्रयोगांत लिहावीं लागतील : आम्ही वाचूं, आम्ही पारखूं, आम्ही पैसे देऊं. तशीं वाक्यें ज्या दिवशीं विद्यापीठाच्या व सरकारच्या कागदांत दिसूं लागतील, त्या दिवशीं नवी घडी बसूं लागली असें खुशाल समजावें.